सहाशे मैल फिरून आलेलं इंजिन : लिनवूडच्या मोटार कारखान्याचं प्रकरण

१९६३ साली स्कॉटलंडमधल्या लिनवूड गावात एक छोटी मोटार तयार होऊ लागली. नाव हिलमन इम्प. इंजिन ॲल्युमिनियमचं, ८७५ सीसीचं, गाडीच्या मागच्या बाजूला बसवलेलं. या इंजिनाचं ओतकाम लिनवूडच्याच कारखान्यात व्हायचं. साच्यातून निघालेले कच्चे भाग पेट्यांत भरले जायचे आणि दक्षिणेला, इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीला रवाना व्हायचे. तिथे त्यांना भोकं पाडली जायची, पृष्ठभाग घासून नेमक्या मापात आणले जायचे, इंजिन जोडलं जायचं, आणि ते इंजिन आल्या वाटेने पुन्हा लिनवूडला यायचं. जाऊन-येऊन सुमारे ६०० मैल, म्हणजे साडेनऊशे किलोमीटरच्या वर. मग ते गाडीत बसायचं आणि तयार झालेली गाडी पुन्हा दक्षिणेची वाट धरायची, कारण गिऱ्हाईक बहुतेक तिकडचंच.

यात एक बारकी गोष्ट आहे. ओतकामात कुठे पोकळी राहिली असेल तर ती साच्यातून भाग निघताना दिसत नाही. मशीनवर चढवून वरचा थर खरवडला की मग उघडी पडते. म्हणजे लिनवूडच्या भट्टीत झालेली चूक कळणार तीनशे मैलांवर, आणि तोवर त्याच चुकीचे आणखी भाग पेटीबंद होऊन निघालेले असणार. एका छपराखाली हे काम असतं तर ओतणारा आणि कापणारा जेवणाच्या सुट्टीत बोलले असते.

कुठलाही अभियंता आपणहून असा कारखाना आखणार नाही. तो आखला गेला कारण सरकारला नोकऱ्या ग्लासगोच्या आसपास हव्या होत्या आणि इम्प बनवणाऱ्या रूट्स कंपनीला कव्हेंट्रीत वाढायची परवानगी मिळाली नाही. प्रादेशिक समतोल साधण्याच्या धोरणाची चर्चा निघाली की ब्रिटनमध्ये आजही लिनवूडचं नाव येतं, आणि बहुतेक वेळा फटकारण्यासाठीच येतं: सरकारने उद्योगाच्या कामात नाक खुपसलं की हे असं होतं. मला ते पटत नाही. लिनवूड बुडालं हे खरं, पण त्याच धोरणाची त्याच सुमाराला जन्मलेली भावंडं जगली. तेव्हा प्रकरण जरा सुटं करून पाहायला हवं.

परवान्याचा कागद

ब्रिटनमधला हा प्रश्न जुना. कोळसा, पोलाद आणि जहाजबांधणी यांवर उभे राहिलेले भाग, म्हणजे स्कॉटलंडमधलं क्लाइड नदीचं खोरं, इंग्लंडचा ईशान्य कोपरा आणि दक्षिण वेल्स, १९३० च्या मंदीत कोसळले. १९३४ साली 'विशेष क्षेत्रां'साठी कायदा झाला, पण त्यामागे पैसा थोडा होता. १९३६ मध्ये जॅरो गावातून दोनशे माणसं काम मागत पायी लंडनला गेली. त्यांच्या गावचा जहाज कारखाना बंद पडला होता आणि दुसरं काही नव्हतंच. १९४० साली बार्लो आयोगाचा अहवाल आला. त्याने एक शहाणी गोष्ट मांडली: लंडन-बर्मिंगहॅमकडची दाटी आणि उत्तरेकडची बेकारी हे दोन आजार वेगळे नाहीत, एकाच्या औषधात दुसऱ्याचाही विचार करावा लागेल.

युद्धानंतर त्यातून दोन हत्यारं तयार झाली. एक आमिषाचं : मागे पडलेल्या भागात कारखाना काढला तर कर्ज, अनुदान, तयार इमारत. दुसरं दंडुक्याचं, आणि तेच जास्त रंजक आहे. १९४७ च्या नगररचना कायद्यानुसार ५,००० चौरस फुटांपेक्षा मोठा कारखाना काढायचा किंवा वाढवायचा असेल तर व्यापार खात्याचं 'औद्योगिक विकास प्रमाणपत्र' लागायचं. ते नसेल तर स्थानिक नगरपालिका बांधकामाला हात लावू देणार नाही. सरकार कंपनीला 'तिकडे जा' असं कधीच म्हणत नसे. 'इथे नाही' एवढंच म्हणत असे. पुढचं कंपनीने समजून घ्यायचं.

पन्नाशीच्या दशकात हा दंडुका बराचसा कोपऱ्यात पडून होता. १९५८ नंतर बेकारी पुन्हा वाढली, स्कॉटलंडमधला तिचा दर देशाच्या सरासरीच्या जवळपास दुपटीवर गेला, आणि हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या सरकारने तो हातात घेतला. १९६० साली स्थानिक रोजगार कायदा आला. योगायोगाने मोटार उद्योग त्याच वेळी तेजीत होता. फोर्डला डॅगनममध्ये, व्हॉक्सहॉलला ल्यूटनमध्ये आणि रूट्स कंपनीला कव्हेंट्रीजवळच्या रायटनमध्ये वाढायचं होतं. सगळ्यांना आपापल्या घराशेजारीच जागा हवी होती. सगळ्यांना नकार मिळाला. फोर्ड लिव्हरपूलजवळ हेलवूडला गेली, व्हॉक्सहॉल एल्समियर पोर्टला, स्टँडर्ड-ट्रायम्फ स्पीकला. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने मालमोटारींचा कारखाना स्कॉटलंडमध्ये बाथगेटला काढला. आणि रूट्सच्या वाट्याला आलं ग्लासगोपासून वीसेक किलोमीटरवरचं लिनवूड.

गोठा आधी, म्हैस नंतर

स्कॉटलंडला मोटारींचाच कारखाना का, हेही समजून घ्यायला हवं, कारण इथे एका राजकीय निर्णयाने दुसऱ्याला जन्म दिला आहे.

पोलादाचे पातळ पत्रे लाटणारी एक मोठी गिरणी देशाला हवी होती. वेल्सलाही ती हवी, स्कॉटलंडलाही हवी. १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये मॅकमिलन यांनी ती दोघांत वाटून टाकली : एक वेल्समधल्या लानवर्नला, एक स्कॉटलंडमधल्या रॅव्हन्सक्रेगला. एकच मोठी गिरणी स्वस्तात पत्रा देऊ शकली असती, तिथे दोन लहान झाल्या. स्कॉटलंडमधल्या कोल्व्हिल्स या पोलाद कंपनीला त्यासाठी सरकारने ५ कोटी पौंडांचं कर्ज दिलं. कंपनीला स्वतःला या गिरणीचा फारसा उत्साह नव्हता, आणि कारण साधं होतं. क्लाइडच्या काठची जहाजं जाड प्लेटांची बनतात. पातळ पत्रा लागतो तो मोटारी, फ्रिज, धुलाई यंत्रं यांना, आणि हे कारखाने सगळे दक्षिणेत. म्हणजे गोठा बांधून झाल्यावर म्हैस शोधायची वेळ आली.

लिनवूडला प्रेस्ड स्टील कंपनीचा एक कारखाना आधीपासून होता. पत्र्याला आकार देण्याचं काम तिथे होऊ शकत होतं. रॅव्हन्सक्रेगचा पत्रा, प्रेस्ड स्टीलचे सांगाडे, शेजारी रूट्सची जोडणी. नकाशावर रेघा मारल्या तर चित्र छान जुळत होतं. जुळत नव्हतं ते नकाशाबाहेरचं : कार्ब्युरेटर, विजेचं सामान, ब्रेक, गिअर, काचा, मोटारीला लागणाऱ्या हजारो सुट्या भागांचे पुरवठादार. ते सगळे मिडलंड्समध्ये, म्हणजे कव्हेंट्री-बर्मिंगहॅमच्या मध्य इंग्लंडमध्ये, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते आणि एका दीड लाख गाड्यांच्या कारखान्यासाठी आपलं बस्तान हलवायची त्यांना गरज नव्हती. दुसरा मोटार कारखाना स्कॉटलंडमध्ये आला असता तर त्यांनी कदाचित विचार केला असता. एकट्या गिऱ्हाइकामागे कोण जातो?

सगळंच नवं

आता कंपनीकडे पाहू. विल्यम आणि रेजिनाल्ड या रूट्स बंधूंची ही घरची कंपनी. हिलमन, हंबर, सिंगर, सनबीम अशी चांगली जुनी नावं तिच्याकडे होती. पण ब्रिटनच्या मोठ्या मोटार कंपन्यांत तिची ताकद कमी. १९६१ साली लंडनमधल्या ॲक्टनच्या तिच्या सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात तेरा आठवडे संप चालला आणि आधीच बेताची असलेली गंगाजळी आणखी आटली. नेमक्या त्याच काळात तिने आयुष्यातली सगळ्यात मोठी उडी घेतली.

उडी किती मोठी, ते मोजा. कंपनीने तोवर एवढी छोटी गाडी केली नव्हती. मागे इंजिन असलेली तर नाहीच. पूर्ण ॲल्युमिनियमचं इंजिन नवं, ते दाबाखाली ओतण्याचं तंत्र नवं. कारखाना नवा, गाव नवं, कामगार नवे. यातली एकेक गोष्ट स्वतंत्रपणे पेलण्यासारखी होती. घर बांधताना लग्न काढू नये म्हणतात. इथे दोन्ही होतं, आणि वर नवीन नोकरीही.

२ मे १९६३ रोजी राजपुत्र फिलिप यांच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं. क्षमता वर्षाला दीड लाख गाड्यांची. गाडी खरं तर हुशारीने केलेली होती. हलकी, चालवायला मजेदार, मागची काच उघडून सामान ठेवता येईल अशी. पण ती घाईने रस्त्यावर आली. आपोआप चालणारा चोक दगा द्यायचा, हवेच्या दाबावर चालणारा थ्रॉटल दगा द्यायचा, पाण्याचा पंप गळायचा आणि इंजिन तापायचं. हे दोष पुढे दुरुस्त झाले, पण तोवर बाजारात नाव खराब झालं होतं. आणि समोर १९५९ पासून मिनी होतीच. इम्प तेरा वर्षं निघाली आणि एकूण सुमारे ४ लाख ४० हजार गाड्या झाल्या. दीड लाखाच्या हिशोबाने पाहिलं तर ते तीन वर्षांचंही काम नाही. तेरा वर्षांत तीन वर्षांचं उत्पादन. ज्या कारखान्याची यंत्रं दहा वर्षं उपाशी बसतात, त्याला कुठलंही अनुदान वाचवत नाही.

कामगारांवर किती खापर फोडायचं?

लिनवूडच्या गोष्टीत हा भाग हमखास येतो : संपकरी स्कॉटिश कामगारांनी कारखाना बुडवला. काम वारंवार थांबत होतं, यात वाद नाही. पण का थांबत होतं?

क्लाइडच्या गोद्या त्या वर्षांत एकामागून एक बंद होत होत्या. १९६२ मध्ये ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी गेली, १९६३ मध्ये डंबार्टनची डेनी जहाज कंपनी. तिथून आणि आसपासच्या खाणी-कारखान्यांतून माणसं लिनवूडला आली. ही माणसं अकुशल मुळीच नव्हती. उलट कसबी होती, आणि तीच अडचण. जहाज बांधायला महिनोन् महिने लागतात. रिव्हेट मारणारा, जोडारी, सुतार, प्रत्येकाचं काम आखलेलं, दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, आणि काम कसं करायचं हे बरंचसं कारागीर ठरवणार. जुळणीच्या पट्ट्यावर यातलं काहीच नाही. गाडी समोर येते, तेच चार बोल्ट आवळायचे, गाडी पुढे जाते, दुसरी येते. दिवसभर. ज्या माणसाने अख्खं जहाज पाण्यात उतरताना पाहिलंय, त्याला हे काम बढती वाटणार नाही.

शिवाय पगार. त्याच कंपनीची तशीच गाडी जोडणाऱ्या कव्हेंट्रीच्या माणसाला जास्त मिळतं, हे लिनवूडच्या माणसाला माहीत होतं. इंजिनाच्या पेट्या ये-जा करत होत्या, तशा बातम्याही करत असणारच. मागास भागात मजुरी स्वस्त हे कंपनीला दाखवलेल्या आमिषातलं एक आमिष असतं, आणि कामगाराच्या लेखी तोच अन्याय असतो. धोरण आखणाऱ्यांना ही गाठ दिसायला हवी होती.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हेलवूड. फोर्डचा तो कारखाना संपांसाठी लिनवूडपेक्षा कमी कुप्रसिद्ध नव्हता. तरी तो टिकला. तेव्हा फक्त संपांवर बोट ठेवून भागणार नाही.

पैसा कशावर दिला

इथे थोडं आडवळण. साठच्या दशकात सरकारं बदलली, मजूर पक्ष सत्तेवर आला, पण प्रादेशिक धोरण अधिकच जोरात चाललं. १९६६ च्या कायद्याने मागे पडलेल्या भागांत यंत्रसामग्रीवर ४० टक्के अनुदान मिळू लागलं; इतरत्र २० टक्के. आता यंत्रावर अनुदान म्हटलं की जास्त यंत्रं आणि कमी माणसं लागणारे उद्योग आधी धावत येणार. नोकऱ्यांसाठी काढलेली योजना, आणि बक्षीस नोकऱ्या कमी लागणाऱ्याला. ही गोम लक्षात आली म्हणून १९६७ मध्ये 'प्रादेशिक रोजगार भत्ता' सुरू झाला : कारखान्यातल्या प्रत्येक प्रौढ पुरुष कामगारामागे मालकाला आठवड्याला ३० शिलिंग, बाईमागे १५. (हा फरक त्या काळाबद्दल बरंच सांगून जातो.) म्हणजे एका हाताने यंत्र स्वस्त केलं, दुसऱ्या हाताने माणूस. भत्ता १९७७ मध्ये बंद झाला.

या भत्त्याबद्दल माझं मत बरं आहे. दर आठवड्याला, जेवढी माणसं कामावर तेवढाच पैसा. कारखाना उभा राहण्याआधी एकरकमी दिलेल्या पैशापेक्षा हा हिशोब प्रामाणिक होता. पण लिनवूडसारख्या ठिकाणी भत्त्याने फारतर तोट्याची धार बोथट केली. इंजिन काही तीस शिलिंगांत जवळ येत नव्हतं.

एकदा दिलं की देत राहायचं

थोरले विल्यम, म्हणजे लॉर्ड रूट्स, १९६४ च्या अखेरीस वारले. त्याच वर्षी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने रूट्समध्ये हिस्सा घेतला होता. १९६७ मध्ये ताबा घेतला. आता लिनवूडचं भवितव्य कव्हेंट्रीतही ठरत नव्हतं, ते डेट्रॉइटमध्ये ठरू लागलं. शाखा-कारखान्याचं हे मूळ दुखणं. नवी गाडी कुठली काढायची, तिचा आराखडा कुठे करायचा, सुटे भाग कोणाकडून घ्यायचे, यातलं काहीही लिनवूडमध्ये ठरत नसे. तिथे फक्त नोकऱ्या होत्या. ज्या गावात निर्णय होत नाहीत, त्या गावाची बाजू बैठकीत कोणी मांडत नाही.

१९७५ च्या शेवटी क्रायस्लरने सरकारपुढे प्रस्ताव ठेवला, आणि भाषा सभ्य असली तरी ती धमकी होती : ब्रिटनमधला आमचा धंदा तुम्ही घ्या किंवा तोटा वाटून घ्या, नाहीतर आम्ही चाललो. हॅरॉल्ड विल्सन यांच्या मंत्रिमंडळात फूट पडली. उद्योगमंत्री एरिक व्हार्ली यांना पैसे ओतायचे नव्हते. स्कॉटलंडचे मंत्री विली रॉस हे लिनवूडसाठी अडून बसले. मागे आकडा होता : १९७४ च्या ऑक्टोबरमधल्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पक्षाचे ११ खासदार निवडून आले होते. लिनवूड बंद झालं असतं तर पुढच्या वेळी ते किती झाले असते? शेवटी १६ कोटी पौंडांहून अधिक मदतीचं पॅकेज निघालं. इम्प १९७६ मध्ये थांबली. ॲव्हेंजर गाडीची जोडणी लिनवूडला हलवली गेली, आणि तिच्याच सांगाड्यावरून काढलेली छोटी सनबीम १९७७ मध्ये तिथेच सुरू झाली.

मदतीच्या बदल्यात सरकारने काय मिळवलं? १९७७ चा एक नियोजन करार, ज्यात कंपनी मोठे निर्णय सरकारशी बोलून घेईल असं होतं. खासगी कंपनीशी झालेला असा हा पहिलाच करार. १९७८ च्या ऑगस्टमध्ये क्रायस्लरने युरोपातला आपला सगळा पसारा फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएनला, रोख २३ कोटी डॉलर आणि तिच्या सुमारे १५ टक्के शेअर्सच्या बदल्यात, देणी-कर्जांसकट विकत असल्याचं जाहीर केलं. ठरवताना सरकारला विश्वासात घेतलं नव्हतं. करार कपाटात राहिला.

फ्रेंच मालकांकडे स्वतःचेच कारखाने भरपूर होते. तोट्यातला, दूरचा, अर्धा रिकामा लिनवूड त्यांना कशाला हवा होता? १९८१ च्या फेब्रुवारीत बंदची घोषणा झाली, मेमध्ये कारखाना थांबला. सुमारे ४,८०० माणसं घरी गेली. उद्घाटनाला जेमतेम अठरा वर्षं झाली होती. म्हणजे १९६३ मध्ये वीस वर्षांचा जो मुलगा गोदी सोडून इथे आला, तो बंदच्या वेळी चाळिशीच्या आत होता. घराचे हप्ते चालू, मुलं शाळेत, आणि देशभर बेकारी वाढत चाललेली. कारखान्याच्या जागेवर आज 'फीनिक्स' नावाचं दुकानांचं संकुल आहे. नाव ठेवणाऱ्याने थट्टेत ठेवलं की मनापासून, कोण जाणे.

आधी म्हटलं की एका निर्णयाने दुसऱ्याला जन्म दिला. पडतानाही तेच झालं. पातळ पत्र्याचं स्कॉटलंडमधलं मोठं गिऱ्हाईक गेल्यावर पोलाद गिरण्यांची बाजू लंगडी झाली. गार्टकॉशची गिरणी १९८६ मध्ये बंद झाली, रॅव्हन्सक्रेग १९९२ मध्ये. गार्टकॉशच्याच वर्षी बाथगेटचा मालमोटार कारखानाही गेला होता.

मग भावंडं कशी जगली?

आता त्या पाच कारखान्यांकडे एकत्र बघा. स्पीक १९७८ मध्ये बंद, लिनवूड १९८१, बाथगेट १९८६. हेलवूड आणि एल्समियर पोर्ट आजही चालू. हेलवूडला जॅग्वार लँड रोव्हरच्या गाड्या बनतात, एल्समियर पोर्टला २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या व्हॅन. पाचही कारखान्यांमागे परवाना नाकारणारं तेच खातं, पाचही तेजीच्या त्याच लाटेतले.

अंतर हे सोपं उत्तर आहे : लिव्हरपूलच्या बाजूचे, मर्सी नदीकाठचे कारखाने मिडलंड्सच्या जवळ, स्कॉटलंडमधले लांब. पण स्पीकही मर्सीकाठीच होतं आणि सगळ्यांत आधी गेलं. मला फरक दिसतो तो मालकाच्या खिशात. एक फोर्ड, दुसरी व्हॉक्सहॉलची मालक असलेली जनरल मोटर्स, या दोघींना दहा वर्षं तोटा सोसून कारखाना शिकेपर्यंत थांबणं परवडत होतं. स्टँडर्ड-ट्रायम्फ, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन आणि रूट्स यांना नाही. या तिघींतल्या पहिल्या दोघी पुढे ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीत गेल्या आणि ती तोट्यात कशी बुडाली ते जगजाहीर आहे. परवान्याचा दंडुका मात्र सगळ्यांना सारखाच पडला. पैलवानाला आणि आजाऱ्याला एकाच वजनाचं ओझं दिलं तर पैलवान जगतो, यात ओझ्याचा गुण नाही.

म्हणून 'सरकारी धोरण फसलं' हे वाक्य मला आळशी वाटतं. केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात केलेल्या अंदाजानुसार १९६० ते १९८१ या काळात प्रादेशिक धोरणामुळे मदतीच्या भागांत कारखानदारीतल्या सुमारे सहा लाख नोकऱ्या आल्या, आणि त्यांतल्या साडेचार लाखांच्या आसपास १९८१ मध्येही टिकून होत्या. चारांतल्या तीन. हे काही थोडंथोडकं नाही. फरक असा की टिकलेल्या नोकऱ्यांची बातमी होत नाही. सरकारने स्वतःची कचेरी हलवली तेव्हाही असंच झालं : वाहन नोंदणीचं मुख्य काम वेल्समधल्या स्वान्सीला न्यायचं साठच्या दशकात ठरलं, ते आजतागायत तिथे आहे आणि त्यावर कोणी अग्रलेख लिहीत नाही. अर्थात कचेरीला सुटे भाग लागत नाहीत.

दंडुक्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. औद्योगिक विकास प्रमाणपत्रं १९८० च्या दशकात गुंडाळली गेली. तोवर त्यांचा उपयोगच उरला नव्हता. परवाना नाकारण्यात जोर असतो तो समोरचा वाढू पाहत असेल तेव्हा. सत्तरच्या दशकात मिडलंड्सचेच कारखाने आकसत होते; तिथे कोणी परवाना मागायलाच येईना, तर नाकारणार काय? बार्लो आयोगाने ज्या दाटीचा बंदोबस्त सुचवला होता ती दाटीच विरली, आणि पुढे कव्हेंट्री स्वतःच बेकारीच्या यादीत जाऊन बसली. तेजीत श्रीमंत भागाकडून घेऊन गरीब भागाला देता येतं. मंदीत दोन्ही भाग रिकाम्या ताटावर बसतात.

संडरलंडमधला सावध आरंभ

बाजाराच्या भरवशावर सगळं सोडणाऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्गारेट थॅचर यांच्याच सरकारने १९८४ मध्ये निस्सान या जपानी कंपनीशी करार केला आणि ईशान्य इंग्लंडमध्ये, संडरलंडजवळच्या एका जुन्या विमानतळाच्या जागेवर कारखाना आणला. सरकारी अनुदान इथेही होतं. जहाजबांधणी इथेही शेवटच्या घटका मोजत होती. संडरलंडच्या गोद्या १९८८ मध्ये संपल्या. कागदावर हा दुसरा लिनवूड होऊ शकला असता.

पण निस्सानने आधी पहिला टप्पा घेतला : वर्षाला २४,००० गाड्या, त्याही जपानहून आलेल्या सुट्या संचांतून जोडायच्या. माणसं शिकतात का, दर्जा जमतो का, एकाच कामगार संघटनेशी केलेला करार टिकतो का, ते बघायचं आणि मग दुसऱ्या टप्प्याचं ठरवायचं. १९८६ मध्ये गाड्या निघू लागल्या आणि पुढच्या टप्प्याचा निर्णयही झाला. कामगार निवडताना गोदीतला अनुभव पाहिला गेला नाही, बरीच माणसं कोरी घेऊन शिकवली. आणि सरकारशी बोलणी झाली ती फक्त नोकऱ्यांच्या आकड्यावर नाही. गाडीतला किती टक्के माल युरोपातला असेल, आधी ६०, मग ८०, यावर झाली. ही अट पुरवठादारांना खेचून आणते. आसनं बनवणारा कारखाना शेजारीच उभा राहिला, जुळणीच्या पट्ट्यावर गाडी जशी सरकेल त्या क्रमाने आसनं तिथून यायची.

लिनवूडला पहिल्या दिवशी दीड लाख गाड्यांची यंत्रं मांडली होती. इंजिनाचं मशीनिंग आधी इथे आणा, मग यंत्रं वाढवा, असं कोणी म्हटलं असेल तर त्याचं कोणी ऐकलं नाही. रूट्सकडे त्यासाठी पैसा नव्हता, आणि सरकारला किती नोकऱ्या, कधीपासून, एवढंच विचारायचं होतं.